डावा धाकट्याचा

दुसऱ्या लाथेला कडी भिंतीतून उखडून आली आणि दार धाकट्याच्या कपाळावर आदळलं. आतून दार दाबून धरायची हौस त्याचीच, त्यामुळे पहिला मार त्याने आपणहून ओढवून घेतला असं म्हणायला हरकत नाही. दोघे आत आले. एकाच्या गळ्यात टाय होता, दुसऱ्याच्या पायात लोखंडी टोकाचे बूट. टायवाल्याने बोलायचं आणि बूटवाल्याने बाकीचं बघायचं, अशी त्यांची कामाची वाटणी होती.

"बसा ना," टायवाला धाकट्याला त्याच्याच घरात म्हणाला.

तो बसला नाही, म्हणून बूटवाल्याने त्याला बसवलं. एक लाथ गुडघ्याच्या मागे, एक बरगडीत, आणि खाली आलेल्या तोंडावर एक गुद्दा. धाकट्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा नवरा जमिनीवर होता. ती फरशी त्याने स्वतःच्या हाताने घासून गुळगुळीत केलेली होती, त्यामुळे रक्त कुठेही न अडता सरळ तिच्या पायापर्यंत आलं.

"चार कर्जं आहेत यांच्या नावावर," टायवाला तिला समजावून सांगू लागला. "पहिल्याचे हप्ते अगदी वेळेवर येतात. बाकीच्या तिन्हींचा एकही आलेला नाही. असं कसं चालेल, बाई?"

"आम्ही कुणाचा छदाम घेतलेला नाही!"

"सगळे हेच म्हणतात."

"माझी सही दाखवा," धाकटा खालून म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द घसरत होते.

"सही कोण विचारतंय आता? अंगठा आहे तुमचा. चारही ठिकाणी उठलाय."

धाकट्याने दोन्ही हातांचे अंगठे वर केले. ओल्या दगडावर घोटाई करण्यात त्याचं सगळं तरुणपण गेलं होतं. जिने, ओटे, दुकानांच्या पायऱ्या, सगळ्यांवरचा खरखरीतपणा काढता काढता त्याच्या बोटांवरच्या रेषाही निघून गेल्या होत्या.

"माझा अंगठा कुठेच उठत नाही," तो म्हणाला. "बघा."

बूटवाल्याने खाली वाकून अंगठा हातात घेतला आणि खरोखरच्या कुतूहलाने बघितला. "साबणाची वडी आहे रे ही," तो साथीदाराला म्हणाला आणि तो अंगठा त्याने हळूहळू मागे वाकवला. आत कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला तेव्हाच सोडला.

"मशीनने ओळखलंय," टायवाला म्हणाला. "मग मी ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. आज स्कूटर नेतो. पुढच्या वेळी तुम्ही बाहेर आणि दाराला कुलूप आमचं."

ते गेल्यावर बायकोने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. तिचं डोकं ठिकाणावर होतं. जिथे नावावर अंगठा चढवतात त्या नोंदणीच्या कचेरीत आपल्या नावाला कुलूप लावून मिळतं, असं तिने ऐकलं होतं. मग त्या नावावर कुणी नवं कर्ज काढू शकत नाही.

"आत्ताच्या आत्ता तिकडे जाऊ," ती म्हणाली. "उद्या आणखी चार निघतील."

धाकट्याने तिच्या हातातल्या भांड्यात एक दात थुंकला. "आधी दादाकडे."

कारण धाकट्याच्या नावाचा अंगठा जगात एकच होता, आणि तो थोरल्याच्या डाव्या हाताला होता.

हे प्रकरण घडलं होतं ते मायेपोटी. नोंदणीसाठी दोघे भाऊ आईला घेऊन एकाच दिवशी गेले होते. थोरला शिंपी, त्याच्या बोटांवरच्या रेषा मशीनने पहिल्याच फटक्यात उचलल्या. धाकट्याच्या बाबतीत मात्र मशीन ढिम्म हलेना. बोटं धुऊन पाहिली, तेल लावून पाहिली. मागे रांग खोळंबली आणि नोंदणीवाला चिडला. तेव्हा आई थोरल्याला म्हणाली, "अरे, तुझा दुसरा लाव ना. भावाभावात कसली वेगळी बोटं?" नोंदणीवाल्याला घरी जायची घाई होती, त्याने मान फिरवली. उजवा थोरल्याचा आणि डावा धाकट्याचा, अशी वाटणी झाली. पुढे घरात तो एक विनोदच होऊन बसला. सुई डाव्या अंगठ्यात घुसली की थोरला ओरडायचा, "धाकट्याला टोचली!" आणि धाकट्याला कुठे अंगठा लावायचा असला की थोरला दुकान बंद करून, आपला डावा हात खिशात घालून, लग्नाला निघाल्यासारखा सोबत निघायचा. एकदाही त्याने कुरकुर केली नव्हती.

बाजाराच्या मागच्या गल्लीत थोरल्याचं दुकान होतं. धाकटा आत शिरला तेव्हा तो एका कोटाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होता. भावाचं तोंड बघून त्याने इस्त्री उभी केली.

"अरे! कुणी मारलं तुला?"

"तू."

"काय बोलतोस?"

"माझा अंगठा कुठे कुठे लावलास, दादा?"

थोरल्याची नजर आपोआप कोपऱ्याकडे गेली. तिथे चादरीखाली भरतकामाचं मोठं मशीन उभं होतं. हल्ली तयार कपड्यांपुढे शिंप्याला कोण विचारतो, म्हणून त्याने ते घेतलं होतं. कशाच्या जोरावर घेतलं, हे धाकट्याने कधी विचारलं नव्हतं.

"एकच घेतलं रे," थोरला म्हणाला. "माझ्या नावावर कुणी देईना. तुझ्या नावाची पत चांगली होती. सांगणार होतो तुला, पण राहून गेलं. हप्ता मात्र एकही चुकवलेला नाही. माझे चुकलेत, तुझा चुकू दिला नाही."

"चार आहेत."

"एकच आहे!"

"चार!"

धाकट्याने त्याच्या कानाखाली अशी लगावली की तो शिलाई मशीनवर जाऊन पडला. रिळं घरंगळत रस्त्यापर्यंत गेली. थोरला उठायचा प्रयत्न करत होता, काहीतरी सांगू बघत होता. पण दगडाच्या लाद्या उचलणाऱ्या माणसाच्या हातात शिंप्याचं मनगट म्हणजे काय, लाकडी पट्टी. धाकट्याने त्याला ओढून टेबलावर उताणं पाडलं आणि डावा हात इस्त्रीच्या कपड्यावर दाबून धरला.

"भाऊ…" थोरल्याच्या रक्ताने भरलेल्या तोंडातून कसंबसं निघालं. "भाऊ… तो…"

जन्मात कधी थोरल्याने त्याला भाऊ म्हटलं नव्हतं. नेहमी 'अरे', 'गाढवा', फार प्रेम आलं तर 'लेका'. आता गळ्याशी आल्यावर भाऊ. या एका शब्दाने धाकट्याच्या मस्तकात जी तिडीक गेली, ती चार कर्जांनीही गेली नव्हती.

"आता भाऊ आठवला?" तो म्हणाला.

त्याने इस्त्री उचलली आणि डाव्या अंगठ्यावर ठेवली. कॉलर बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दाबून धरली. थोरल्याचे पाय टेबलाखाली झाडले जात होते. दारात एक गिऱ्हाईक आलं होतं, ते पिशवी तिथेच टाकून पळालं. जळक्या कातडीचा वास आला तेव्हा धाकट्याने तोंड फिरवलं, पण आधी बरं वाटलं होतं हेही खरं.

"आता लाव कुठे लावायचा तो," तो म्हणाला आणि निघून गेला.

घरी त्याने बायकोला एवढंच सांगितलं की दादाला समज दिली. दुसऱ्या दिवशी ती त्याला नोंदणीच्या कचेरीत घेऊन गेली. खिडकीच्या पलीकडे एक मध्यमवयीन बाई होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "अरेरे" म्हणाल्या.

"चांगलं केलंत लवकर आलात," त्या म्हणाल्या. "नावाला कुलूप लागलं की नवं कर्ज निघणार नाही. आणि अंगठा कुणी वापरला त्याचं नाव दिलंत की चौकशी होईपर्यंत जुन्या कर्जांची वसुलीही थांबते. नाव मात्र पक्कं हवं. संशय नको. ठेवा अंगठा."

"माझा उठत नाही."

"मग नोंद कशी झाली?"

धाकट्याने अंगठा मुठीत लपवला.

"हे बघा, ज्या अंगठ्याने नोंद झाली, कुलूप त्याच अंगठ्याने लागतं. नवा अंगठा नोंदवायचा तरी आधी जुना जुळावा लागतो. दुसरी वाट नाही."

"मग त्यात काय," बायको त्याच्या कानाशी पुटपुटली, "दादांना घेऊन येऊ."

धाकटा खिडकीवरून बाजूला झाला. भिंतीजवळच्या बाकावर बसला. बायको दोनदा "काय झालं?" म्हणाली, तेव्हा त्याने काल काय केलं ते सांगितलं, जमिनीकडे बघत. तिने ऐकलं. मग ती हसली, एकदाच, फार वाईट हसली, आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"स्वतःचाच अंगठा भाजून आलात तुम्ही," ती म्हणाली.

तिथून तो एकटाच थोरल्याच्या घरी गेला. दार वहिनीने उघडलं. तिच्या हातात कापडं कापायची कात्री होती. दार उघडण्याआधी तिने ती मुद्दाम हातात घेतली असावी.

"आता काय उरलंय, भावोजी? उजवा?"

"वहिनी, मला दादाला…"

"एक कर्ज घेतलं त्यांनी, ते चुकलंच," ती म्हणाली. कात्रीचं टोक त्याच्या छातीपाशी होतं आणि ते हलत नव्हतं. "पण बाकीची तीन त्या मेल्या भाऊची आहेत."

"कुणाची?"

"भाऊ! कर्जाचा दलाल. अख्खा बाजार त्याला भाऊच म्हणतो. खरं नाव कुणाच्या बापाला ठाऊक नाही. त्याने यांना अंगठा लावायला सांगितला आणि म्हणाला, उठला नाही, परत ठेवा. परत ठेवला, तर म्हणे अजून नाही उठला, परत ठेवा. हे आपले ठेवत बसले. दर वेळी उठत होता तो, भावोजी! आता दुकानाला टाळं लावून पळालाय आणि तो छाप त्याच्याकडेच आहे. आणखी कुठे कुठे लावेल कोण जाणे. हे तुम्हाला तेच सांगत होते ना काल?"

धाकटा उंबऱ्यातच खाली बसला. भाऊ, तो. काल टेबलावर उताणा पडलेला माणूस गयावया करत नव्हता, नाव सांगत होता.

वहिनीने दार लावून घ्यायला सुरुवात केली, पण आतून थोरल्याचा आवाज आला. "येऊ दे त्याला. अंगठा त्याचाच आहे, बघायला आला असेल."

आत थोरला पलंगावर बसला होता. दवाखान्यात त्याने इस्त्री हातावर पडली असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कातडी येईल, पण रेषा येतील की नाही ते भाजलं किती खोल त्यावर आहे. जपलं तर पहिल्यासारख्या येतीलही. पू झाला, चिघळलं, तर विसरा.

"मी जपतो," धाकटा म्हणाला.

"तू?" वहिनी म्हणाली.

"मी."

दुसऱ्या दिवसापासून कामावर जाण्याआधी तो तिथे जायला लागला. दगड घासणारे ते राकट हात थोरल्याच्या अंगठ्यावरची पट्टी अशी काही सोडवायचे की बघणाऱ्याला श्वास रोखावासा वाटावा. मीठपाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मलम लावायचं, नवी पट्टी बांधायची. भाजल्या जागेवरून पट्टी सुटताना थोरल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो शिव्या द्यायचा. त्या शिव्या धाकट्याला फार बऱ्या वाटायच्या. माफी मागायला मात्र जीभ रेटत नव्हती. रोज वाटेवर तो वाक्य जुळवायचा आणि पट्टी सुटली की ते विरून जायचं.

वहिनी त्याला पाणी द्यायची नाही. दारातच उभी राहायची, लक्ष ठेवून.

टायवाला आणि बूटवाला त्याला कामावर शोधत आले. सगळ्या कामगारांसमोर बूटवाल्याने त्याला मानेला धरून गाळाच्या टाकीपाशी नेलं. घोटाईचं पाणी त्या टाकीत साठायचं, राखाडी आणि दाट. त्याने धाकट्याचं डोकं त्यात बुडवलं आणि दाबून धरलं. वर काढलं तेव्हा टायवाल्याने विचारलं, "तू घेतलं नाहीस ना? मग कुणी घेतलं ते सांग. आम्ही त्याच्याकडे जातो, आम्हाला काय."

नाकातोंडात दगडाचा चिखल गेलेला. धाकट्याने खोकून तो बाहेर काढला. भाऊ म्हणावं, तर ऐकणारा विचारेल, कोणाचा भाऊ? मग हे बूट थोरल्याच्या दारात. त्याने मान हलवली.

"माहीत नाही."

डोकं पुन्हा आत गेलं. या वेळी जास्त वेळ. सोबतचे कामगार मशीनं बंद करून बघत होते. शेवटी त्यांच्यातला एक म्हातारा घण घेऊन पुढे झाला, मग बाकीचेही झाले, तेव्हा ते दोघे कपडे झटकत निघून गेले. जाताना बूटवाल्याने धाकट्याच्या पाठीत एक लाथ घातली. पुढच्या वेळी घर, एवढंच टायवाला म्हणाला.

खपली गळून खाली कोवळी, गुलाबी कातडी दिसली तेव्हा धाकट्याने अंगठा उजेडात धरला. थोरल्याने चष्मा लावला. वहिनीही वाकली, तिला राहवलं नाही. फार बारीक, जेमतेम दिसतील अशा रेषा होत्या. एका कडेला मात्र पांढरा डाग, तिथे काहीच नव्हतं.

"चल," थोरला म्हणाला. "आत्ताच जाऊ."

वाटेत त्याने एकच सांगितलं. "खिडकीवर तू तोंड उघडायचं नाहीस. आज धाकटा मी आहे. सगळं मी बोलतो."

"भाऊचं नाव सांगशील ना?"

"बघतो."

खिडकीवर त्याच बाई होत्या. रोज शेकडो तोंडं बघणाऱ्या माणसाला एक तोंड लक्षात राहत नाही, हे बरंच झालं. शिवाय त्या दिवशी धाकट्याचं तोंड निळंजांभळं सुजलेलं होतं, ते आता उतरलं होतं. थोरला खुर्चीवर बसला आणि डावा अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा लागला.

"परत ठेवा."

थोरल्याने हात एकदम मागे घेतला. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. धाकट्याने त्याचं मनगट धरलं, अगदी हलकेच, आणि अंगठा काचेवर टेकवला. पुन्हा लाल. त्याने तो जरा कलता केला, पांढऱ्या डागाची बाजू वर उचलून.

हिरवा.

बाईंनी पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचलं. ते धाकट्याचं नाव होतं. "तुम्हीच ना?"

"मीच," थोरला म्हणाला.

"लागलं कुलूप. आता नवीन काही निघणार नाही तुमच्या नावावर." बाईंनी पेन उचललं. "जुन्या कर्जांचं सांगा. अंगठा कुणी वापरला?"

"बाई, एक दलाल आहे. त्याला सगळे भाऊ म्हणतात."

"नाव? आडनाव? पत्ता?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"मग कसं होणार? पक्कं नाव नसेल तर वसुली थांबत नाही. कर्ज तुमच्याच गळ्यात राहील."

थोरल्याने खुर्चीत ताठ बसून घसा साफ केला. नवीन कोट घालून आरशासमोर उभं राहिल्यासारखा तो दिसत होता.

"लिहा मग," तो म्हणाला. "माझ्या थोरल्या भावाने."

धाकट्याने झटकन त्याच्याकडे बघितलं. थोरल्याने बघितलं नाही.

"सख्ख्या?"

"सख्ख्या. चारही त्यानेच घेतली."

बाईंनी मान हलवत लिहून घेतलं. "कुठे असतो हा भाऊ?"

थोरल्याने दुकानाचा पत्ता सांगायला तोंड उघडलं. बाजार, मागची गल्ली, एवढं म्हणायचा अवकाश होता.

"इथेच आहे," धाकटा म्हणाला. "मी."

टेबलाखाली थोरल्याची लाथ त्याच्या नडगीवर बसली, चांगली जोरात. तो हलला नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आधी धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या दगडी हातांकडे, आणि मग काचेवर अजून तसाच टेकलेल्या त्या गुलाबी अंगठ्याकडे.

"हा भाजला कसा?"



"इस्त्री पडली," थोरला घाईने म्हणाला.

"मी तुम्हाला नाही विचारलं." बाई धाकट्याकडेच बघत होत्या. "हेही तुम्हीच केलंत?"

"हो."

"सख्खा भाऊ आहे ना तुमचा?" त्यांचा आवाज चढला. मागच्या रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली. "लाज वाटत नाही?"

"वाटते," धाकटा म्हणाला.